एका नारळाचे चार सत्कार

नाशिकहून कळवणला एसटीने जायला तीन तास लागतात, गाडी वाटेत बंद पडली तर चार. मला पाच दिवस लागले. एवढ्यात माणूस काश्मीर बघून येतो, असं आमच्या कचेरीतले लोक म्हणाले. पण काश्मीर बघून आलेले कचेरीत तिघेजण आहेत. त्रिनिदादच्या सायकलपटूला घेऊन कळवणला गेलेला मी एकटाच, म्हणून लिहून ठेवतो आहे.

आधी पगारे गुरुजींबद्दल सांगायला हवं, कारण सगळा घोळ त्यांचा. गुरुजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, माझे दाजी. कळवणजवळच्या एका खेड्यात शाळामास्तर. छापलेलं काहीही वाचल्याशिवाय टाकायचं नाही ही त्यांची सवय. बारा वर्षांपूर्वी वाण्याने गूळ बांधून दिलेल्या इंग्रजी वर्तमानपत्राच्या तुकड्यावर त्यांना एक बातमी सापडली. परदेशातल्या एका मोठ्या शर्यतीत त्रिनिदाद बेटावरच्या कथबर्ट नावाच्या सायकलपटूचं चाक फुटलं. त्याने सायकल खांद्यावर घेतली आणि उरलेलं अंतर पळत पूर्ण केलं. तो पोहोचला तेव्हा मैदानावरच्या खुर्च्या उचलायला सुरुवात झाली होती. गुरुजींनी तो कागद गुळाचे डाग पुसून जपून ठेवला आणि पत्र लिहिलं. पत्त्यात नाव, खाली ‘सायकलपटू’, त्याखाली ‘त्रिनिदाद’. तीन महिन्यांनी उत्तर आलं.

परक्या माणसाला पत्र लिहायला काहीतरी निमित्त हवं, म्हणून गुरुजींनी त्यात एक वाक्य घातलं होतं, ‘मीही सायकलपटू आहे.’ गुरुजी जन्मात सायकलवर बसले नव्हते. लहानपणी घरात सायकल नव्हती. पगार सुरू झाल्यावर घेता आली असती, पण गुरुजी पडताना शाळेतल्या पोरांनी पाहिलं तर काय, म्हणून ते रोज सहा मैल चालत राहिले. पत्रांतून मात्र त्यांनी नाशिक जिल्हा सायकलीने पालथा घातला.

आमच्या विहारात पंचशील म्हणताना गुरुजींचा आवाज सगळ्यांच्या वर असतो. फक्त चौथ्या शीलाला तो खाली येतो. खोटं बोलणार नाही, असं ते शील आहे. ताईला बारा वर्षं वाटत होतं की त्यांना नेमका तिथे ठसका लागतो.

नाशिक

आपण विश्वचषक जिंकलो त्या वर्षाचा हिवाळा होता, आणि वेस्ट इंडिजचा संघ त्याचा राग काढायला आपल्याकडे आला होता. कसोटी बघायला त्रिनिदादहून जे हौशी लोक आले, त्यांच्यात कथबर्ट होता. मुंबईची कसोटी संपली की तुझ्याकडे येतो आणि आपण दोघं तुझ्या रस्त्यांवर सायकली चालवू, असं त्याचं पत्र गुरुजींना पोचलं, तेव्हा मुंबईच्या कसोटीचा शेवटचा दिवस उजाडला होता.

गुरुजी पहिल्या एसटीने माझ्याकडे आले. एवढा घामाघूम झालेला माणूस मी थंडीत पाहिला नव्हता.

“भास्कर, मला पाच दिवस दे,” ते म्हणाले. “त्याला वाटेत कुठेही फिरव, पण पाच दिवस कळवणला आणू नकोस. मी शिकतो.”

पंचावन्नाव्या वर्षी पाच दिवसांत सायकल येते का, असं मी विचारलं. गुरुजी खाली बघून म्हणाले, “मला मित्र एकच आहे रे. तो मला खोटारडा समजून परत जायला नको.” मी कचेरीत आजारपणाचा अर्ज टाकला.

कथबर्ट नाशिकरोडला उतरला तो सव्वासहा फुटांचा, पिकलेल्या केसांचा, आणि बगलेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी धरून. आमच्या कॉलनीत बायकांना वाटलं तान्हं मूल आहे. ती सायकलची सीट निघाली. चामड्याची, घासून काळी कुळकुळीत झालेली. पंचवीस वर्षं तो तिच्यावरच बसत होता. दुसऱ्याच्या सीटवर बसणं म्हणजे दुसऱ्याच्या चपला घालून लग्नाला जाण्यासारखं आहे, असं त्याने मला समजावलं आणि माझ्या भावाच्या सायकलची सीट काढून स्वतःची बसवली. कळवणला सायकलनेच जायचं, असा त्याचा आग्रह होता. पाऊणशे किलोमीटर आहे म्हटल्यावर तो म्हणाला, मग जेवायच्या वेळेपर्यंत पोचू.

मला कथबर्ट म्हण, साहेब नको, असं त्याने बजावलं. पन्नाशी उलटलेल्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारायला माझी जीभ रेटेना. शेवटी कथबर्टभाऊ ठरलं.

पहिला दिवस मी त्र्यंबकेश्वरला घालवला. कळवण उत्तरेला आणि त्र्यंबक पश्चिमेला. आमच्या घरातलं कोणी तिकडे कधी देवाला गेलं नव्हतं, त्यामुळे मी पाहुण्याला जे दाखवत होतो ते मीही पहिल्यांदाच बघत होतो. त्याने प्रश्न विचारायचे आणि मी शेजारच्या फुलवाल्याला विचारून उत्तर द्यायचं, असं दिवसभर चाललं. परत येताना त्याने सूर्याकडे बघून विचारलं, उद्याही आपण उलटंच जाणार का?

तेव्हाच मला युक्ती सुचली. आपल्याकडे पाहुण्याला गावातून सत्काराशिवाय जाऊ देत नाहीत, आणि सत्कार म्हटला की अर्धा दिवस जातो. मी एक शाल आणि एक नारळ विकत घेतला. कॉलनीच्या मित्रमंडळाकडून त्याच संध्याकाळी पहिला सत्कार उरकला. भाषणं सातजणांची झाली. सत्कारमूर्तीने नारळ कानाशी हलवला आणि स्टेजच्या कडेवर फोडायला निघाला. त्यांच्या बेटावर नारळ हातात आला की पाणी प्यायचं, एवढंच शास्त्र आहे. मी धावत जाऊन अडवलं. सत्काराचा नारळ घरी गेल्यावर फोडतात, असं सांगून तो माझ्या पिशवीत टाकला, शालीची घडी त्यावर ठेवली.

दिंडोरी

दिंडोरीच्या नामदेवरावांचा द्राक्षांचा बाग आहे आणि त्यांची कामं आमच्या कचेरीत असतात, त्यामुळे ते मला नाही म्हणत नाहीत. पाहुण्याला वाटेत चहाला बसवून मी पुढे जाऊन शाल-नारळ त्यांच्या हवाली केला आणि सांगितलं, वेस्ट इंडिजचे मोठे खेळाडू आहेत, सत्कार लांबवा. इथे माझं चुकलं. वेस्ट इंडिजचा खेळाडू म्हटल्यावर कोण काय समजेल, हे मला कळायला हवं होतं.

आम्ही पोचलो तर बागेशेजारच्या पडीक रानात तीन स्टंप रोवलेले आणि फवारणी सोडून सगळे मजूर कडेला बसलेले. नामदेवरावांनी स्वतः पॅड बांधले होते. “पाव्हणं लय उंच हाय,” एक म्हातारा म्हणाला. “चेंडू थेट टाळूवरच येनार.”

कथबर्टभाऊंनी आयुष्यात चेंडू टाकला नव्हता. त्यांच्या घरी त्यांना याच गोष्टीसाठी बोलणी बसत, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. पण लोकांचा विरस नको म्हणून लांबून धावत आले आणि चेंडू द्राक्षांच्या मांडवात गेला. दुसराही तिथेच. मग म्हातारा म्हणाला, “मुद्दाम भायेर टाकतोय. नामदेवला लागंल म्हनून. समजूतदार हाय मानूस.” नामदेवरावांना ते पटलं, आणि त्यांनी आनंदाने दोन तास भाषणं करवली.

संध्याकाळी कळवणकडून आलेल्या एसटीच्या कंडक्टरने मला चिठ्ठी दिली. ताईचं अक्षर होतं. गुरुजी बाजाराच्या मोकळ्या पटांगणात भाड्याच्या सायकलवर शिकत होते आणि मागून सीट धरायला ताईच होती, त्यामुळे चिठ्ठ्या थोडक्यात असत. ‘आज पडले. उजवा गुडघा. पोरांसारखं दांडीखालून पाय घालून चालवतात.’

वणी

दिंडोरी ते वणी हे अंतर मी दर मैलाला चहा या पद्धतीने तोडलं. आपल्याकडे ओळख नसलेल्या माणसालाही बसवून चहा पाजतात, याचं कथबर्टभाऊंना फार नवल. त्यांच्याकडे पाहुण्याला प्यायला देतात आणि मग त्याला त्याच्या खुर्चीत एकटं सोडतात. इथे पाहुण्याला एकटं सोडणं म्हणजे अपमान, आणि त्याचा मी पुरेपूर फायदा घेतला.

एका चहाच्या वेळी वडाखाली त्यांनी आपली हकीकत सांगितली. आई बाजारात मासळी विकायची. एका पाववाल्याच्या सायकलला पुढे मोठी टोपली होती, त्या सायकलवर ते शिकले. कितीतरी दिवस त्यांना वाटत होतं की पुढे पावाची टोपली नसली तर सायकल उडून जाईल. त्यांच्या शर्यती क्रिकेटच्या मैदानाभोवती गवतावर होत. बेटावर जिंकायला काही राहिलं नाही, तेव्हा त्यांना परदेशी मोठ्या शर्यतीला पाठवलं. तिथे ते टायर फुटण्याचं झालं. परत आल्यावर लोक हसले. मासळीबाजारातल्या बायका म्हणायच्या, सायकलला चाकं असतात हे कथबर्टला अजून माहीत नाही.

“मग?” मी विचारलं.

“मग तुमच्या गुरुजींचं पत्र आलं,” ते म्हणाले. “मी शेवटचा आलो म्हणून अभिनंदन करणारा जगात एकच माणूस निघाला. ते पत्र मी आईला वाचून दाखवलं. तिने ते बाजारात नेऊन सगळ्यांकडून वाचून घेतलं.”

त्यानंतर दर शनिवारी ते त्याच मैदानावर लोकांना सायकल शिकवायला लागले. पोरं, बायका, एक पाद्री, दोन फौजदार. शिकवायची त्यांची रीत एकच, सीटला मागून हात लावायचा आणि तो कधी काढला हे सांगायचं नाही. आता गावात गेलं की समोरून सायकलवर येणारा जो तो हात हलवतो आणि हात सोडल्यामुळे पडतो, असं ते हसत म्हणाले. मला मात्र हसू येईना. एवढा मोठा माणूस इतक्या लांबून आपल्या मित्राकडे आलेला, आणि मी त्याला गावोगाव गंडवत नेत होतो. मला लाज वाटली. पण गुरुजींचा खाली गेलेला चेहरा आठवला आणि मी आणखी एक चहा सांगितला.

वणीचा सत्कार कांद्याच्या व्यापाऱ्याने केला. शाल तीच, तिच्यावर दिंडोरीच्या शेवभाजीचा एक डाग तेवढा वाढला होता. जेवायला बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. पाहुण्याच्या डोळ्यांत पाणी कधी येतं हे बघायला वीसेक माणसं दाराशी जमली. कथबर्टभाऊंनी ठेचा भाकरीवर लोण्यासारखा फासून खाल्ला आणि आणखी आहे का विचारलं. त्यांच्या बेटावर आपल्या बिहारकडून गेलेल्या लोकांची रोटी आणि डाळपुरी खातात, आणि तिथली मिरची याहून तिखट असते म्हणे. “आपल्यातलाच हाय,” असा दाराशी निकाल लागला आणि लोक जरा निराश होऊन घरी गेले.

कंडक्टरची चिठ्ठी, ‘आज पडले. डावा गुडघा. आता सीटवर बसतात. मी पण थोडी चालवली. मला येते. त्यांना सांगू नकोस.’

अभोणा

वणीच्या पुढे घाटाची बारी लागते. त्या चढावर माझं मागचं चाक फुटलं आणि मला मनापासून आनंद झाला. पंक्चरवाला शोधायचा म्हणजे मागे वणीला जायचं, अर्धा दिवस सहज गेला. मी तोंड पाडून उभा राहिलो. कथबर्टभाऊंनी खिशातून रबराचा तुकडा आणि सोल्यूशन काढलं, नाल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून भोक शोधलं आणि पंधरा मिनिटांत माझा अर्धा दिवस वाया घालवला. “त्या दिवसानंतर मी खिशात पंक्चरचं सामान बाळगणारा माणूस झालो,” असं ते म्हणाले. कोणता दिवस ते मी विचारलं नाही.

अभोण्याचा सत्कार तिथल्या तालमीच्या वस्तादांनी केला. नारळ हातात आल्यावर पाहुण्याने तो नीट फिरवून पाहिला, शेंडीजवळ बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघून गोड हसला. मला वाटलं, सत्काराची आता गोडी लागली.

शेवटची चिठ्ठी आली. ‘आता पडत नाहीत. सरळ जातात. वळता येत नाही. उतरताही येत नाही. आणखी एक दिवस थांबव.’

पण माझ्याकडची गावं संपली होती. मी कथबर्टभाऊंना म्हटलं, उद्या इथली नदी बघू. ते म्हणाले, “नदी बघितली. उद्या जाऊ. आता पुरे झालं.”

कळवण

सकाळी नऊला कळवणच्या अलीकडचा ओढा ओलांडला. समोरून रस्त्याच्या अगदी मधोमध एक सायकल येत होती. पांढरा लेंगा, पांढरी टोपी, हनुवटीला चिकटपट्टी. गुरुजी स्वागताला निघाले होते. मागे ताई पदर खोचून पळत होती.

आम्ही उतरून उभे राहिलो. गुरुजी जवळ आले. बारा वर्षांनी मित्र प्रत्यक्ष दिसत होता आणि त्यांच्या तोंडावर एवढा आनंद होता की मी घंटा वाजवायची विसरलो. त्यांनी नमस्कार करण्यासाठी हात उचलायचा विचार केला, सायकल डुचमळली, त्यांनी तो विचार सोडला. “जय भीम, कथबर्ट, वेलकम,” एवढं बोलून गुरुजी आमच्या समोरून सरळ अभोण्याच्या दिशेने निघून गेले. पुढे ओढ्याचा उतार होता.

ताई कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, “सांगितलं होतं ना तुला, वळत नाहीत.”

कथबर्टभाऊंनी सायकल फिरवली. पाच दिवसांत पहिल्यांदाच मी त्यांना खरी सायकल चालवताना पाहिलं. ते बसलेच नाहीत. उभ्याने चार-पाच पायडल मारले आणि तो सव्वासहा फुटांचा माणूस माझ्या नजरेसमोर लहान होत गेला. उताराच्या तोंडाशी त्यांनी गुरुजींना गाठलं, शेजारी आले आणि डावा हात लांब करून गुरुजींच्या सीटला मागून लावला. दोन सायकली एकमेकींना चिकटून उतार उतरल्या आणि ओढ्यापाशी मोठं वळण घेऊन परत फिरल्या.

ते परत येत होते तेव्हा मला दिसलं, कथबर्टभाऊंचे दोन्ही हात स्वतःच्या हँडलवर होते. गुरुजींना ते माहीत नव्हतं.

रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडावर पाय टेकवून गुरुजी उतरले. त्यांनी मित्राचे हात धरले आणि आपल्या इंग्रजीत सगळं सांगून टाकलं. मी खोटं लिहिलं, बारा वर्षं लिहिलं, मला सायकल येत नव्हती, आज पाचवा दिवस आहे. बोलताना ते रडत होते. मीही डोळे पुसले.

कथबर्टभाऊंनी शर्टाच्या खिशातून एक जुनं पत्र काढलं आणि गुरुजींच्या हातात दिलं. कळवणहून वणीला सायकलने जाऊन आल्याचं त्यात वर्णन होतं.

“हे तुझं तिसरं पत्र,” ते म्हणाले. “जाताना वारा मागून होता, येतानाही वारा मागून होता. असा रस्ता जगात कुठे नाही. सायकल चालवणारा माणूस झाडांचं वर्णन करत नाही, वाऱ्याला शिव्या देतो. मला तेव्हापासून माहीत आहे.”

“मग आलास कशाला?” गुरुजींनी विचारलं.

“तुला शिकवायला. मला दुसरं येतं काय?” मग ते माझ्याकडे वळले. “नाशिकलाच मी नारळाच्या शेंडीजवळ पेनाने फुली केली होती. पाहुण्याला इथे किती नारळ मिळतात ते मोजायचं होतं. दिंडोरीत फुली दिसली तेव्हा कळलं की कळवणला कोणीतरी सायकल शिकतंय. नवीन शिकणाऱ्याला पडताना बघणारं कोणी नको असतं. म्हणून मी चहा पीत राहिलो.”

मी पिशवीत तोंड घालून शालीची घडी नीट करायला लागलो. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

घरी गेल्यावर त्यांनी नारळ मागितला. “आता घरी आलो ना?” असं मला विचारून त्यांनी तो गुरुजींच्या उंबऱ्याबाहेरच्या दगडावर फोडला. चार सत्कार सोसूनही पाणी गोड होतं. पहिला घोट त्यांनी ताईला दिला, सीट धरणाऱ्याचा मान पहिला असतो म्हणून.

तीन दिवस दोघांनी सायकली चालवल्या. परत जाताना कथबर्टभाऊंनी टॉवेल रिकामाच नेला. ती चामड्याची सीट त्यांनी गुरुजींसाठी ठेवली होती. गुरुजींनी पुढच्या महिन्यात तिला साजेशी सायकल घेतली, आणि आता ते शाळेत तिच्यावरून जातात. पोरांसमोर दोनदा पडले. पोरांनी उचललं.

विहारात चौथ्या शीलाला आता त्यांचा आवाज खाली येत नाही. ताईने मला हसत विचारलं, त्यांचा ठसका कसा बरा झाला.

मी मागच्या रविवारी कळवणला गेलो तेव्हा गुरुजी त्रिनिदादला पत्र लिहायला बसले होते. नुकतेच वणीहून आले होते, टोपी घामाने भिजलेली. पूर्वी त्यांची पत्रं ऋतू आणि झाडांपासून सुरू व्हायची. या वेळी पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, ‘जाताना वारा समोरून, येतानाही समोरून, आणि तुझी सीट फार टोचते.’